गिरणीतली हाक

आईची तिरडी उचलली, तेव्हा तोवर कोपऱ्यात मुकाट बसून राहिलेले एकनाथमामा एकदम उठले आणि त्यांनी हाक मारली, "सुकडे! ए सुकडे!"

मामांना भ्रम झाला असं उत्कर्षाला वाटलं. जमलेल्या बायकांनीही एकमेकींकडे पाहिलं. नगरच्या सावेडीतल्या त्या गल्लीत आई म्हणजे गिरणीवाल्या सुलोचनाकाकू. तिनं आयुष्यभर गल्लीचं दळण दळलं होतं, आणि सुकडी नावाचं कुणी तिथं कधी राहिलं नव्हतं. मामांनी पुन्हा हाक मारली आणि ते थांबले, मान जराशी कलती करून, आतून ओ यायची आहे अशासारखे. मग त्यांच्या मुलानं दंडाला धरून त्यांना खाली बसवलं.

सदतिसाव्या वर्षी, पोटात चौथ्या महिन्याचं मूल असताना, उत्कर्षाला आपल्या आईचं नाव कळलं ते असं.

तेराव्याला मांडव रिकामा झाल्यावर तिनं मामांना विचारलं. मामांनी आधी तंबाखूची पुडी काढली, मग परत खिशात ठेवली.

"बाहत्तरच्या दुष्काळातली गोष्ट, बाई. आष्टीकडचं आमचं सगळं गाव खडी फोडायला. आई पन जायची, तसलं पोट घेऊन. हिच्या आधीची दोन लेकरं गेलेली. आईलाच खायला न्हाई, तर दूध कुठून यावं? हिचा जलम झाला तो तिथंच, खडीच्या ढिगामागं. आन् त्याच दिवशी सरकारी गाडी आली, सुकडीची पोती घेऊन. भाजलेलं पीठ आन् गूळ, बास. म्या एवढासा. पळत जाऊन वंजळभर आनली, आईच्या तोंडात घातली. दूध आलं. पोरगी जगली. मंग आई म्हनली, जिनं जगवली तिचंच नाव."

"आईला आवडायचं ते नाव?"

मामा त्या दिवसांत पहिल्यांदा हसले. "शाळंत एका पोरानं चिडवलं, तर पाटी घातली त्याच्या डोक्यात. फुटली. पाटी फुटली, डोकं न्हाई. मास्तर म्हनले, नाव बदलू, सुरेखा लावू. तर म्हनली, मंग उद्यापास्नं सुरेखालाच शाळंत बोलवा."

नाव बदललं ते लग्नात. बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'सुलोचना' लिहिलं, पेढे वाटले गेले, आणि नगरमध्ये कुणाला आधीचं नाव ठाऊक असण्याचं कारण उरलं नाही. उत्कर्षाला तर 'माझं माहेरचं नाव साधंच होतं गं' यापलीकडे आईनं कधी काही सांगितलं नव्हतं.

"मग तुम्ही त्या नावानं हाक मारणं सोडलंत?"

"सोडतोय कशाला! गिरनीत मारायचो की. गिरनी चालू असली का कुनाला काय ऐकू जातंय? म्या दारातनं वरडायचो, ती आतनं ओ द्यायची. भाऊजींच्या म्होरं बरं दिसत न्हवतं. गिरनीत कोन ऐकतंय."

मुलगी झाली तर तिचं नाव सुकडी, हे उत्कर्षानं तिथंच ठरवलं. पुण्याला परतताना गाडीत तिनं नवऱ्याला, तन्मयला, ते सांगितलं. रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "पडसादला विचारू."

त्या काळात सगळेच पडसादला विचारत.

पडसादचं तत्त्व साधं होतं. बोलताना माणसाला वाटतं, आपण दर वेळी नवं काहीतरी बोलतो. तसं फारसं नसतं. वाण्याला जसं गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतानाच कळतं की हा आज काय मागणार आणि कशाला महाग म्हणणार, तसंच एखाद्याचं काही वर्षांचं बोलणं यंत्राच्या कानावरून गेलं, की तो कशाला हसेल, कुठं अडखळेल, कुठल्या शब्दानं नकार देईल, हे यंत्र सांगू लागतं. फोन आणि घरातली यंत्रं सारं ऐकून साठवत होतीच. त्यातून प्रत्येकाची बोलछाप तयार होई. छापेला प्रश्न विचारला की ती त्या माणसाच्या आवाजात, त्याच्या ढंगात उत्तर देई. हजारो अनोळखी छापा एकत्र केल्या की त्यातून शाळेतला वर्ग उभा राही, कचेरी उभी राही, सासर उभं राही. बाळाचं नाव सुचवा, आणि जग त्या नावाला काय म्हणेल ते जन्माआधीच ऐका.

अंदाज बहुधा खरे ठरत. म्हणून लोक सगळ्यांना आवडणारी नावं ठेवू लागले, आणि सगळ्यांना आवडणारी नावं थोडीच निघाली. तन्मयच्या थोरल्या बहिणीच्या, शलाकाताईच्या, मुलीच्या पाळणाघरात चार आरवी होत्या. बाई त्यांना मोठी आरवी, चष्म्याची आरवी, रडकी आरवी आणि नुसती आरवी म्हणत. नावावरून घरोघर होणारी भांडणं मात्र मिटली. आत्या, मामी, चुलतसासू आता तोंडानं मत देत नसत, छाप वापरायची परवानगी पाठवून मोकळ्या होत.

शलाकाताईनंही परवानगी दिली होती. ती होणाऱ्या बाळाची आत्या. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचा. पडसादला विचारायचं ठरलं त्या रविवारी ती पुरणाचे कडबू घेऊन आली होती आणि पाय वर घेऊन सोफ्यावर बसली होती.

पडसादनं आधी शाळेचा वर्ग ऐकवला. हजेरी चालू आहे. 'सुकडी' म्हटल्यावर मागच्या बाकावर कुणीतरी फस्सकन हसलं, मग वर्गच हसला, आणि बाईंनी "शांत बसा" म्हटलं त्यातही दाबलेलं हसू होतं. पुढं कचेरी आली. तिथं कुणी हसलं नाही, फक्त "हे टोपणनाव का?" असं तीनदा विचारलं गेलं. स्वीकार शंभरात अकरा.

मग शलाकाताईचा आवाज आला. "सुकडी? अगं बाई! आई गेल्यापासून डोक्यावर परिणाम झालाय तिच्या. होऊ दे बाळंतपण, नंतर हळूच बदलून घेऊ. तन्मयला सांगते मी."

खोलीत कडबू खायचं थांबलं.

"मी असं म्हटलेलं नाही!" खरी शलाकाताई म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

"म्हटलेलं नाहीस, ताई," तन्मय म्हणाला. "म्हणशील, एवढंच म्हणतंय ते."

शलाकाताईनं पाय खाली घेतले. "हळूच बदलून घेऊ, असं नसते म्हणाले," ती म्हणाली. "बाकीचं म्हणाले असते." मग तिनं उत्कर्षाकडे सरळ पाहिलं. "आता आलंच आहे तर तोंडावर सांगते. कानात नाव सांगायचं मला. तुझं दुःख मोठं आहे गं, पण ते तुझं आहे. ते त्या पोरीच्या कानात मी का सांगू? तिनं तुझ्या आईला पाहिलेलंसुद्धा नसणार, आणि आयुष्यभर तिच्या नावानं चारचौघांत हसू सोसायचं?"

ताईचं म्हणणं खोटं असतं तर उत्कर्षा चिडली असती. ती उठून ताटल्या घासायला गेली.

मेलेल्या माणसाची छाप काढायची तर सर्वांत जवळच्या वारसाची परवानगी लागते. बाबा आधीच गेले होते आणि उत्कर्षा एकुलती एक होती. दुसऱ्या दिवशी तन्मय कामावर गेल्यावर तिनं स्वतःच स्वतःला परवानगी दिली.

छाप तयार झाली तेव्हा दुपार होती. ती जेवणाच्या टेबलापाशी बसली आणि तिनं विचारलं, "आई, मुलीचं नाव सुकडी ठेवू?"

"छान आहे," आई म्हणाली. आवाज अगदी तिचा, फोनवरचा, थोडा चढा. "तुम्ही ठरवाल ते. जेवलीस का? ठेवते, दळण आलंय."

उत्कर्षानं तोंडावर हात धरला. थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं. आई पुन्हा म्हणाली, छान आहे. मग तिनं विचारलं, आरवी ठेवू? "छान आहे. जेवलीस का?" तिनं विचारलं, टेबल ठेवू? "छान आहे. तुम्ही ठरवाल ते. ठेवते, दळण आलंय."

तिनं पडसादच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी अदबीनं बोलत होती. "मॅडम, या छापेचा भरवसा फार कमी आहे. आम्हांला कामाचं बोलणं थोडंच मिळालं. बहुतेक कॉलमध्ये मागं सतत मोठा आवाज आहे, कारखान्यासारखा."

"गिरणी."

"हो, तर तो गाळावा लागतो. शिवाय एका माणसाची छाप घ्यायची, तर दुसऱ्याचे आवाज काढून टाकावे लागतात. तो माणूस फोन दूर धरून कुणाशी काही बोलला असेल, तर तेही जातं. उरतं ते फोनमध्ये तोंड घालून बोललेलं."

"आणि ते एवढंच होतं?"

मुलगी जरा घुटमळली. "कॉल छोटे आहेत, मॅडम."

ते उत्कर्षाला कुणी सांगायला नको होतं. "गाळायच्या आधीचं मिळेल?" तिनं विचारलं.

"मिळेल, तुमचंच आहे ते. पण त्यात नुसता गोंगाट आहे."

नुसता गोंगाटच होता. पुढचे काही दिवस घरात गिरणी चालू राहिली. पट्ट्याची फटफट, जात्याची घरघर, आणि मध्येच डबा आपटल्याचा आवाज. तन्मय संध्याकाळी यायचा, बूट काढायचा आणि तिच्या शेजारी बसायचा. उत्कर्षा ऐकत राही. तिच्या कानांना लहानपणापासून त्या आवाजाच्या पलीकडलं ऐकायची सवय होती. गिरणीत वाढलेल्या मुलांना ती असतेच. पण फोनवर, पुण्यातून, तिनं ती कधी वापरली नव्हती.

एक गोष्ट तिला लवकरच कळली आणि ती तिनं तन्मयला सांगितली नाही. 'ठेवते, दळण आलंय' असं आई म्हणायची, तेव्हा कित्येकदा मागं गिरणी बंद असायची. अजिबात आवाज नसायचा. असायची ती फोनच्या या टोकाला उत्कर्षाच्या कीबोर्डची टकटक, आणि तिचं "हं... हं... बोल ना." मग आई म्हणायची, दळण आलंय.

दोन वर्षांपूर्वीच्या एका कॉलमध्ये मात्र गिरणी जोरात चालू होती. उत्कर्षाचा आवाज म्हणत होता, "ऐक ना आई, दिवाळीचं बहुतेक जमणार नाही." तेवढ्यात लांबून, दाराच्या बाजूनं, घरघरीच्या वरून एक हाक आली.

"सुकडे! ए सुकडे!"

आणि आई म्हणाली, "ओ!"

लांबलचक, शेवटाला वर गेलेली ओ. शेतातून घराकडे देतात तशी. उत्कर्षानं हा आवाज कधी ऐकलेला नव्हता. सत्तरीला टेकलेल्या बाईचा तो नव्हताच.

"बहिरी झालीस का गं? किती हाका मारायच्या!"

"आले की! आदी त्ये पायतान काढ भाईर, येड्या! पिठात पाय घालशील!" आणि आई हसली. खो खो, दम लागेपर्यंत. मग फोन जवळ आला, आवाज नगरचा झाला, सुलोचनाकाकूंचा झाला. "कोणी नाही गं, मामा आलाय. दिवाळीचं राहू दे, तुमची कामं असतात. जेवलीस का? ठेवते, दळण आलंय."

"बरं," उत्कर्षाचा आवाज म्हणाला, आणि कॉल संपला.

तिनं शलाकाताईला बोलावून घेतलं. छाप नको, तूच ये म्हणाली. ताई आली, तिनं डोळे मिटून ते ऐकलं, पुन्हा लाव म्हणाली, पुन्हा ऐकलं. मग पदर नव्हता तरी पदरानं पुसल्यासारखा हात डोळ्यांवरून फिरवला.

"मला वाटलं होतं, हे दुःखाचं नाव आहे," ती म्हणाली.

"मलाही तसंच वाटत होतं, ताई."

"सांगेन मी कानात." ताई उठली, दारापाशी थांबली. "पण वर्गात पोरं हसणार. ते काही चुकत नाही त्या मेल्या यंत्राचं."

"पाटी घेऊन देऊ तिला," उत्कर्षा म्हणाली, आणि ताईला पाटीची गोष्ट सांगितली.

मुलगीच झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. माहेरी आता कुणी नव्हतं, म्हणून बारसं तरी तिथं करायचं असं उत्कर्षानं ठरवलं. तिनं मामांना फोन केला. त्यांच्याकडे स्वतःचा फोन कधीच नव्हता, त्यामुळे पडसादकडे त्यांची छापही नव्हती. मुलाच्या फोनवर ते आले. "मामा, पोरीचं नाव सुकडी ठेवतेय. बारशाला या," ती म्हणाली. पलीकडे फोन खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग मामेभाऊ म्हणाला, "बाबा उठून भाईर गेले, ताई."

साऱ्या जगाचं मत तिनं आधी ऐकून ठेवलं होतं. हे एकच राहिलं होतं.

सावेडीच्या घरात जायचं तर गिरणीतूनच जावं लागे. गिरणीवर पोतं टाकलेलं होतं, सुपडं भिंतीला टांगलेलं होतं, आणि कोनाड्यात अजून पिठाची पांढरी कड होती. मागच्या खोलीत पाळणा बांधला. गल्लीतल्या बायका जमल्या. शलाकाताई बाळाच्या कानाशी वाकली, "कुर्रर्र" केलं आणि नाव सांगितलं. मग ताठ उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "सुकडी!"

मागं कुणीतरी फस्सकन हसलं. पडसादनं ऐकवलं होतं अगदी तसंच.

"काय गं हे," शेजारच्या गुंदेचाकाकू म्हणाल्या, "खायचं नाव? मग आमच्या नातवाचं शेव ठेवते मी!"

"ठेवा की काकू," शलाकाताई म्हणाली. "पण मग पाटी मारायला शिकवा त्याला."

कुणाला काही कळलं नाही, तरी बायका हसल्या. पण घुगऱ्या वाटताना त्या एकमेकींत कुजबुजत होत्या ते उत्कर्षाला ऐकू येत होतं. तिच्या कानांना सवय होती.

मामा आले तेव्हा घुगऱ्या संपत आल्या होत्या. त्यांनी गिरणीच्या दारातच चपला काढल्या आणि नीट बाजूला, भिंतीला लावून ठेवल्या. आत आले, पाळण्यात पाहिलं, बाळाच्या मुठीत बोट दिलं.

"मामा, हाक मारा ना," शलाकाताई म्हणाली. "नाव ठेवलंय."

"नको."

"का हो? आवडलं नाही?"

"आवडायला काय..." मामा बाळाकडेच बघत होते. "माझ्या तोंडात त्ये एकाच मानसाचं नाव हाय, बाई. म्या हाक मारनार, आन् ह्ये लेकरू नुसतं बघत बसनार. ओ देनारी गेली की. उचलली तवा मारली, तवा पन न्हाई दिली तिनं."

उत्कर्षानं जगाच्या हसण्याची तयारी केली होती. याची केली नव्हती. नाव राहू दे मामा, बदलू आपण, असे शब्द तिच्या ओठांवर आले. ती ते बोलणार, तेवढ्यात मामा वळले आणि बाहेर पडायला निघाले. गिरणीपाशी पोचल्यावर ते थांबले. पोतं टाकलेल्या त्या बंद यंत्राकडे थोडा वेळ बघत राहिले. मग इतकी वर्षं जिथं उभे राहायचे त्या दारात जाऊन, गिरणीकडे वळून, त्यांनी तोंडाशी हात नेला.

"सुकडे! ए सुकडे!"

गिरणीच्या घरघरीवरून जावी एवढी मोठी हाक होती ती, आणि गिरणी बंद होती. भांडी वाजली. पाळण्यातलं बाळ दचकून रडायला लागलं. मामा मान कलती करून उभे राहिले. स्मशानात नेण्याआधी राहिले होते, तसेच.

उत्कर्षानं बाळाला उचलून छातीशी धरलं. लहान मुलांच्या वतीनं आयाच बोलतात. पाहुण्यांना टाटा करतात, देवाला नमस्कार करतात, 'आम्हांला नको शिरा' म्हणतात. त्यात काही विशेष नाही.

"ओ!" ती म्हणाली. लांब, शेवटाला वर नेलेली.

मामांनी तिच्याकडे पाहिलं नाही. गिरणीपाशी येऊन त्यांनी पोत्यावर हात टेकवला. मग अगदी हळू आवाजात, बंद गिरणीकडे बघत म्हणाले, "बहिरी झालीस का गं? किती हाका मारायच्या!"